कापसाखालचा पलंग

हिवाळ्यात आमच्या घरी दोन गोष्टी साचतात. एक कापूस आणि दुसरे किस्से. कापूस निदान भाव आला की मेटॅडोरमध्ये बसून निघून तरी जातो. किस्से कुठे जातात! ते घरातच लोळत पडतात, आणि चार बायका तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या की एकेक करून बाहेर निघतात. आता तुम्ही बसलाच आहात, तर हातात मूठभर शेंगा घ्या. दाणे परातीत, टरफलं टोपलीत. आणि हो, कोणाच्या खिशात काडीपेटी असेल तर ती आधी अंगणातल्या कोनाड्यात ठेवून या. का, ते पुढे कळेलच.

आम्ही अल्लीपूरचे. घरात माणसं मोजकी. मी, आमचे हे, आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. मामाजींचं वय ऐंशीकडे झुकलंय, आवाज मात्र अजून पंचविशीतच आहे. मुलगा गौरव पुण्याला कंपनीत असतो. मागच्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. सून केतकी अस्सल पुण्याची, तीही कॉम्प्युटरवरच्या नोकरीतली. पोरगी गोड आहे. पण लग्नानंतर जेमतेम दोन दिवस राहून ती पुण्याला गेली, पहिली दिवाळी रीतीप्रमाणे माहेरी झाली, आणि इकडे मला एकच घोर लागला. या पोरीला हे घर आपलं वाटेल का? कारण सुनेचं मन रमलं नाही की मुलगाही पाहुण्यासारखा येतो. बॅग उघडत नाही, आणि चहा संपायच्या आत परतीच्या तिकिटाचं बोलतो.

शेजारची शोभा तर माझ्या अंगणातला मांडव निघायच्या आधीच सांगून गेली होती, "पाह्यजो सुनंदा, पुन्याची सून हाय. फोटो काढाले येईन अन् फोटो काढून जाईन!"

*

आमच्याकडे कापूस वेचून आला की घरातच भरून ठेवतात. घरातली सगळ्यात कोरडी खोली गौरवची. त्यामुळे तो शाळेत होता तेव्हापासून दर हिवाळ्यात त्याची खोली कापसाची आणि तो हॉलमधला! लग्न ठरलं तशी मी त्या खोलीला गुलाबी रंग दिला, हिंगणघाटहून डबल बेड आणला, आरशाचं कपाट आणलं. मनाशी म्हटलं, चला, आता कापसाची सोय दुसरीकडे होईल.

नोव्हेंबरात मी दोन दिवस माहेरी, नाचणगावला गेले होते. परत येऊन खोलीचं दार उघडलं, तर गुलाबी रंग फक्त वर छताजवळ हातभर शिल्लक. खाली सगळा कापूस!

"अहो, पलंग कुठी हाय?" मी ओरडलेच.

"खालीच हाय," हे म्हणाले.

"काढून ठेवला काऊन नाई?"

यांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्याच्या पायाले पेच हाय ना सुनबाई. पेचकस सापडला नाई. अन् कापसाखाली पलंग बिघडते काय? गादीवर अजून एक गादी!"

त्याच आठवड्यात गौरवचा फोन. "आई, आम्ही डिसेंबरअखेर सुट्टीला येतोय. केतकीचं वर्क फ्रॉम होम आहे, माझंही आहे. संक्रांत करूनच जाऊ." एवढी चांगली बातमी, आणि मला हसू येईना. त्या गंजीतला कापूस उपसून ठेवायला घरात दुसरी जागाच नव्हती.

आली दोघं. केतकी पाया पडली, पाणी प्यायली आणि बॅग ओढत सरळ आपल्या खोलीकडे गेली. मी मागून "थांब, थांब" म्हणेपर्यंत तिने दार ओढलंसुद्धा. कापसाचा एक लोट तिच्या पायांवर येऊन पडला. ती बघतच राहिली. मग हळूच मागे वळून म्हणाली, "आई, आमचा बेड?"

हॉलमधून मामाजींचा आवाज आला, "आहे ना पोरी! जागचा हालला नाई!"

त्या दिवसापासून हॉलमध्ये आमची ओळीने अंथरुणं पडायला लागली. दाराजवळ मामाजींची खाट, मग हे, मग गौरव, मग मी आणि भिंतीकडे केतकी. लग्नाला वर्षही झालं नाही, आणि नवरा-बायकोच्या मधे सासू! मी तिकडच्या टोकाला जाते म्हटलं तर केतकीच म्हणाली (मामाजींना ती गौरवसारखंच आबाजी म्हणते), "नको आई, आबाजी घोरतात. तुम्ही मधे असलात की आवाज अडतो."

*

आता काडीपेटीचं.

मामाजी तरुण असताना गावातल्या एका घरात भरलेला कापूस पेटला होता. कोणाच्या तरी विडीने. मामाजी तेव्हा बादल्या घेऊन धावले होते. ते त्यांच्या डोळ्यांपुढून अजून हललेलं नाही. तेव्हापासून आमच्या घरी कायदा आहे. घरात कापूस आला की विस्तव बाहेर. स्वयंपाकघर अंगणापलीकडे आहे म्हणून आम्ही गरम जेवतो तरी! देवापुढे दिवा नाही, अगरबत्ती नाही. सांजवात तुळशीपाशी अंगणात. आमचे देव अख्खा हिवाळा लाइटच्या माळेवर काढतात.

घरात येणाऱ्या प्रत्येकाला मामाजी दारातच अडवतात. पाहुणा असो, व्याही असो, मीटर पाहणारा असो. मागे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला एक उमेदवार पंधरा-वीस माणसं घेऊन हात जोडत आला. मामाजी खाटेवरून उठले आणि दारात आडवे उभे राहिले.

"मत देतो बावा," म्हणाले, "पन पयले सगळ्यायनं खिसे दाखवा!"

कोनाड्यात काडीपेट्या आणि लायटरचा ढीग झाला. जाताना कोणती कोणाची, यावरून कार्यकर्त्यांतच भांडण लागलं. उमेदवार पडला, ते मात्र आमच्यामुळे नाही.

गौरवचा वाढदिवस येतो फेब्रुवारीच्या सुरुवातीला. कापूस बहुतेक वेळा घरातच असतो. लहानपणी पोरगं केकवर मेणबत्ती पाहिजे म्हणून रडायला लागलं. अंगणात वारा. मेणबत्ती लावली की विझे, लावली की विझे. शेवटी मामाजींनीच तोड काढली. "न्हानीत लावा. तिथं पानी हाय!" झालं! तेव्हापासून गौरवचा प्रत्येक वाढदिवस आमच्या न्हाणीत झाला; नोकरी लागल्यावरही तो त्या दिवशी घरी यायचा. उलट्या बादलीवर पाट, पाटावर केक, बाजूला भरलेला ड्रम, आणि ड्रमाशी मग्गा घेऊन उभे मामाजी. मेणबत्ती विझली की ते वरून मग्गाभर पाणी ओतणार, म्हणून केक चटकन ओढून घ्यावा लागे.

लग्नाआधी गौरवने केतकीला जुने फोटो दाखवले होते. तिने फार गंभीरपणे विचारलं म्हणे, "तुमच्याकडे सगळे वाढदिवस बाथरूममध्ये का होतात?"

गौरव म्हणाला, "कापूस पाहिला की कळेल."

*

भरलेल्या कापसाची एक गंमत असते. तो आवाज पिऊन टाकतो. त्या खोलीत जाऊन दार लावलं की बाहेरची मोटर, टीव्ही, शोभा, काही ऐकू येत नाही. आणि ऊब तर अशी की रजईची गरजच नाही.

केतकी येऊन दोन-तीन दिवस झाले असतील. माझा भाऊ नाचणगावहून नव्या सुनेला भेटायला आला. जेवणाची वेळ झाली आणि आमचे हे घरात नाहीत. गौरव शेतात पाहून आला. मी शोभाकडे पाहिलं. पारावर निरोप पाठवला. फोन लावला तर रिंग जाते, उचलत नाहीत. भाऊ बिचारा ताटावर बसून राहिला. माझा जीव वर-खाली व्हायला लागला, कारण यांना बीपी आहे, आणि गोळी घेतली की नाही तेही आठवेना. केतकी मोबाइल कानाला लावून घरभर फिरत होती.

एवढ्यात मामाजी कापसाच्या खोलीच्या दाराला कान लावून उभे राहिले. आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सुनबाई, कापूस घोरून राह्यला!"

दार उघडलं. गंजीच्या वर छताजवळ आमचे हे गळ्यापर्यंत कापसात. अन् काय ती झोप! फोन कुठे तरी पोटाखाली खोल वाजत होता. उठवल्यावर काय म्हणाले असतील? "अरे, साळेबुवा केव्हा आले? मले सांगतलं नाई कोनी!"

केतकी त्या दिवशी पहिल्यांदा मनमोकळी हसली. इतकी हसली की खाली बसली. मी यांच्यावर रागवायला गेले होते, ते तसंच राहिलं.

*

पण हसू फार दिवस टिकलं नाही. केतकीच्या अंगाला खाज सुटली. हातांवर, मानेवर लाल लाल पुरळ. कापूस घरात असला की हे होतंच. मी सून होऊन आले तेव्हा मलाही पहिल्या हिवाळ्यात झालं होतं, आणि मी न्हाणीत बसून रडले होते. म्हणून हात पाहताच मी तिला कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली, खोबरेल तेल लावलं. डॉक्टरांनी मलम दिलं. तरी ती बसल्या बसल्या मनगट चोळायची.

मग एक दिवस तिच्या आईचा फोन आला. केतकी अंगणात बोलत होती. मी धुणं वाळत घालत होते, मुद्दाम ऐकलं नाही, पण कान काही घरी ठेवून येता येत नाहीत. तिकडून स्पीकरवर आवाज आला, "अगं, मग तिथे कशाला थांबतेस? सरळ निघून ये ना!"

केतकी म्हणाली, "बघते."

ते 'बघते' माझ्या कानातून जाईना. मी तशीच आत गेले आणि मामाजींसमोर उभी राहिले. "मामाजी, कापूस इकून टाका. आजच!"

"भाव नाई आला अजून."

"तुमचा भाव येईपर्यंत माझी सून जाईन!"

मामाजींना मी असं कधी बोलत नाही. हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. मामाजींनी काठी घेतली आणि बाहेर पडले. मला वाटलं, रागावले. आता जेवायलाही येणार नाहीत.

तासाभराने आले ते एक पिशवी घेऊन. केतकीला समोर बसवलं आणि एकेक वस्तू काढली. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, कानटोपी, हातमोजे, तोंडाला बांधायचं फडकं, मोठाले पायमोजे. सगळं नवं कोरं. फवारणी करताना माणसं घालतात तो पोशाख!

"हे घालून राह्यजो पोरी," मामाजी म्हणाले. "कापसाची खाज कपड्याच्या आत येत नाई. अन् आईले सांग, मलम लावून राह्यली म्हना."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, आता ही आजची गाडी पकडते.

केतकीने शर्ट उलटून पाहिला, सुलटून पाहिला. आणि घातला! वर कानटोपी, हातात मोजे. आरशासमोर जाऊन उभी राहिली, तर आरसा कापसामागे. मग गौरवला विचारलं, "कशी दिसते?"

गौरव म्हणाला, "आता फक्त पंप पाठीवर दे."

*

दुसऱ्या दिवशी केतकीची मीटिंग होती. मोठ्या साहेबांबरोबर. हॉलमध्ये मामाजींच्या टीव्हीवर कीर्तन, शेजारच्या अंगणात शोभा आणि तिची सून यांचं रोजचं भांडण. केतकी म्हणाली, "आई, घरात शांत जागा कुठे आहे?" आणि स्वतःच उत्तर देऊन कापसाच्या खोलीत गेली. फवारणीचा सगळा पोशाख घालून, दाराजवळचा कापूस सारून गंजीत बैठक करून, मांडीवर कॉम्प्युटर. मी चहा घेऊन दाराशी उभी होते म्हणून पुढचं मला सगळं पाहायला मिळालं.

पडद्यावर साहेब आले. दोन मिनिटं बघतच राहिले. अंगात जाड शर्ट, डोक्यावर कानटोपी, हातात मोजे, मागे-पुढे-वर सगळं पांढरं!

"केतकी," साहेब म्हणाले, "तू सासरी जाणार होतीस ना? मनालीला कधी गेलीस?"

"सर, सासरीच आहे."

"मग हा बर्फ?"

"कापूस आहे, सर. आमचा आहे."

तो 'आमचा' मी मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिला. पण म्हटलं, बोलण्याच्या ओघात आलं असेल. फार आशा लावू नये.

तेवढ्यात कीर्तन संपलं असावं. मामाजी माझ्या मागून आत आले. पोरगी कोणाशी तरी बोलते आणि आपण ओळख करून घेत नाही, हे त्यांच्या शिस्तीत बसत नाही. कॉम्प्युटरमध्ये वाकून म्हणाले, "रामराम साहेब! तुमच्याकडे यंदा कापूस कसा काय?"

साहेब गडबडले. "नाही... म्हणजे... आमच्याकडे कापूस नसतो, आजोबा."

"म्हन्जे घरात अजिबात नाई?"

"नाही हो."

मामाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की माझ्यानेही पाहवेना. मग केतकीच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर आले. दिवसभर विचारात होते. संध्याकाळी शेकोटीपाशी बसल्यावर (शेकोटी अर्थातच रस्त्यापलीकडे!) एकदम म्हणाले, "एवढा मोठा साहेब, अन् घरात बोंडभर कापूस नाई! कसं राह्यत असतीन बावा थे लोकं?"

*

संक्रांत आली. सुनेची पहिली संक्रांत, म्हणून मी काळी साडी घेऊन ठेवली होती. हलव्याचे दागिने गौरवने मागवले होते. केतकी नटली, आणि खरं सांगते, दृष्ट लागावी अशी दिसत होती. पुरळही बसलं होतं. अंगणात सतरंज्या घातल्या, कारण ओवाळायचं म्हणजे निरांजन आलं, आणि निरांजन घरात चालत नाही. मामाजी लांब खुर्ची टाकून बसले. पायाशी पाण्याची बादली. दहा-पंधरा बायका जमल्या. शोभा पहिल्या रांगेत.

मी केतकीला हाक मारली तर म्हणाली, "आले आई, मोबाइल राहिला." दोन मिनिटांनी आली. मोबाइल कुठे राहिला होता, हे सांगायला नको! काळी साडी पदरापासून निऱ्यांपर्यंत पांढरी फट्ट. केसांत कापूस, भुवईला कापूस, हलव्याच्या हाराला कापसाच्या बटा.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शोभाला तर तेच पाहिजे होतं. "काय वं सुनंदा, सुनेले काळी साडी घेतली म्हने ना? माझ्या डोयाले तं पांढरी दिसून राह्यली!"

मी काही बोलणार, तेवढ्यात केतकीच म्हणाली, "काकू, हलव्याचे दागिने पुरले नाहीत. म्हणून उरलेले घरचे घातले."

सगळ्या बायका अशा हसल्या की मामाजी बादली उचलून धावत आले. त्यांना वाटलं, पदर पेटला!

*

संक्रांतीनंतर निघायचा दिवस आला. पलंग काही दिसलाच नाही. केतकीने आपला बेड कसा आहे तो आठवणीतच ठेवून बॅग भरली. मी तिला तीळ, तुरीची डाळ, सोललेल्या दाण्यांचा डबा, संत्री, असं काय काय देत होते, आणि ती "आई, बास, बास" म्हणत होती.

गाडी दारात आली. मामाजी खोलीत गेले आणि हातात स्टीलची डबी घेऊन बाहेर आले. केतकीच्या हातात दिली. तिने उघडून पाहिली. आत मूठभर कापूस, सरकीसकट.

"तुमच्याकडे घरात कापूस नसते म्हन्ते तुया साहेब," मामाजी म्हणाले. "घर कोरं ठेवू नाई पोरी. आमीही सगळा कापूस इकला तरी मूठभर ठेवतोच. देवापाशी ठेवजो."

केतकी हसली, पाया पडली, गाडीत बसली. गाडी जाम गावाच्या रस्त्याला लागेपर्यंत मी उभी होते. शोभाही कुंपणाशी उभी होती. म्हणाली, "गेली ना? आता येते का पाह्यजो, पलंग नाई काई नाई!"

मी घरात आले. हॉलमध्ये भिंतीकडची जागा रिकामी होती. यांना म्हटलं, "एक सांगा, थे हसली थे खरं हसली का जाता जाता हसली?" हे म्हणाले, "मले काय समजते हसन्यातलं? मी घोरतो." त्यावर मीच हसले. पण मनातलं काही गेलं नाही. पुण्याला फोन केला की ती नीट बोले, "आई, गोळ्या घेतल्या का? आबाजी कसे आहेत?" चांगलंच बोले. पण चांगलं तर पाहुणेही बोलतात.

*

आणि मग आला गौरवचा वाढदिवस. कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच पुण्यात.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. आम्ही तिघंही मोबाइलसमोर बसलो. मामाजींनी चष्मा पुसून घेतला. पुण्याच्या त्यांच्या हॉलमध्ये बरीच मंडळी होती. केतकीचे आई-वडील, मित्रमैत्रिणी, आणि एका कोपऱ्यात ते मोठे साहेब! मामाजींनी त्यांना लगेच ओळखलं. "थो पाहा, बिनकापसाचा!"

हॉलच्या मधोमध काचेचं टेबल, फुगे, दिव्यांच्या माळा आणि टेबलावर दुमजली केक. छान केलं होतं सगळं. मला बरंही वाटलं, आणि आमच्या न्हाणीतली ती उलटी बादली आठवून जरा वाईटही वाटलं. पण म्हटलं, जग पुढे जातं. पोराला आता टेबल मिळालं.

केतकीच्या आईने केकवर मेणबत्त्या खोचल्या आणि काडीपेटी मागितली.

"आई, थांब!" केतकी ओरडली. "इथे नको!"

"मग कुठे?"

केतकीने केक उचलला आणि निघाली. मोबाइल गौरवच्या हातात, त्यामुळे आम्हीही तिच्या मागोमाग. हॉल गेला, पॅसेज गेला, आणि एकदम पांढऱ्या फरश्या, नळ, गिझर! पालथ्या बादलीवर पोळपाट आधीच मांडून ठेवलेला. तिने केक त्यावर ठेवला. सगळी मंडळी दारात खोळंबली. मग एकेक करून आत शिरली. कोणी कमोडच्या झाकणावर बसलं, कोणी वॉशिंग मशीनला टेकलं. मोठे साहेब शॉवरखाली उभे. आणि केतकीच्या वडिलांच्या हातात तिने भरलेला मग्गा दिलेला!

"केतकी, अगं वेड लागलं का तुला?" तिची आई दारातूनच म्हणाली. "बाथरूममध्ये कोणी केक कापतं का?"

केतकीने मागे वळूनही पाहिलं नाही. मेणबत्त्या सरळ करता करता म्हणाली, "मग काय हॉलमध्ये लावू? घरात कापूस हाय ना!"

इकडे आमचे हे मोठमोठ्याने टाळ्या वाजवायला लागले. अजून मेणबत्ती पेटलीही नव्हती. माझ्या डोळ्यांतून जे यायचं ते आलंच, मी पुसलंही नाही. मामाजींनी मात्र माझ्या हातातून मोबाइल ओढून घेतला आणि तोंडाजवळ धरून विचारलं, "पोरी, काडीपेट्या कुठी ठेवल्या सगळ्यायच्या?"

"बाल्कनीत, आबाजी!" तिकडून केतकीचा आवाज आला. "साहेबांच्या खिशातला लायटरही काढून घेतला!"